आईचा खांदा: फ्रोझन शोल्डर की कंडरा फाटलीये? दोन डॉक्टरांची दोन मतं

कोथिंबीरवडी

आई ५६ वर्षांची, मधुमेह ११ वर्षं, शेवटची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ८.४. उजवा खांदा चार महिन्यांपासून दुखतोय. पडणं-आपटणं काही नाही. सुरुवातीला रात्री त्या कुशीवर वळली की ठणका लागायचा. आता वेणी घालता येत नाही, ब्लाउजचा हुक लागत नाही, फळीवरचा डबा काढायला स्टूल लागतं. एक्स-रे नॉर्मल. एमआरआयमध्ये 'सुप्रास्पायनेटस कंडरा अर्धवट फाटलेली' असं आलंय, म्हणजे खांद्याच्या एका स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. एक डॉक्टर म्हणाले फ्रोझन शोल्डर, व्यायाम करा. दुसरे म्हणाले कंडरा फाटलीये, दुर्बिणीतून शिवून टाकू. शेजारच्या काकूंनी एक मालिशवाला सुचवलाय, तो म्हणे 'झटका देऊन' मोकळा करतो.

या दोन्हींतला फरक नक्की काय? घरी काही तपासून बघता येईल का? आणि शुगर असताना खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का?

फरा_फासळी

मालिशवाल्याला आधी नाही म्हणून टाका, बाकीचं निवांत बोलू. आखडलेल्या खांद्याला झटका दिला की आवरण फाटायच्या आधी दंडाचं हाड मोडू शकतं. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बायकांमध्ये तर नक्कीच. भूल देऊन, ऑपरेशन थिएटरात, हात जवळ धरून सांधा मोकळा करतानाही ही भीती सर्जनच्या मनात असते.

आता सांधा. शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणतात. खुब्याला ते नाव शोभतं, खांद्यात मात्र उखळ कसली, बशी आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्याच्या, म्हणजे पाठीवरच्या चपट्या त्रिकोणी हाडावरची वाटी उथळ. कोणत्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा भाग वाटीला टेकलेला असतो. वाटीच्या काठाला लॅब्रम नावाची कूर्चेची कड असते, ती वाटी थोडी खोल करते. एवढ्यावर काही गोळा टिकत नाही. त्याला जागेवर धरणाऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या.

एक, सांध्याभोवतीचं आवरण, म्हणजे कॅप्सूल. हे मुळात सैल असतं. हात खाली असताना काखेच्या बाजूला त्याची चक्क घडी पडलेली असते आणि हात वर नेला की ती उलगडते. दुसरी, चार स्नायूंच्या कंडरांची मिळून झालेली रोटेटर कफ: वरून सुप्रास्पायनेटस, मागून इन्फ्रास्पायनेटस आणि टेरिस मायनर, पुढून सबस्कॅप्युलॅरिस. हात उचलताना डेल्टॉइड (खांद्यावरचा बाहेरून दिसणारा मोठा स्नायू) गोळ्याला वर खेचतो, त्या वेळी ही चौकडी त्याला वाटीत दाबून धरते. सुप्रास्पायनेटसची कंडरा गोळा आणि खांद्याचं टोक (अक्रोमियन) यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून जाते, म्हणून कुरबुर बहुधा तिचीच.

फ्रोझन शोल्डरमध्ये बिघडतं ते आवरण. आधी सुजतं, मग जाड होऊन आकसतं. निरोगी सांध्यात १५ ते ३० मिली द्रव सहज मावतो, आखडलेल्यात १० मिलीच्या आसपास गेला की सुई मागे ढकलली जाते. ती काखेतली घडीच नाहीशी होते. कंडरेच्या दुखण्यात आवरण ठीक असतं, दोरी झिजलेली किंवा तुटलेली असते.

यावरूनच घरची तपासणी निघते. आखडलेला खांदा आईंनी स्वतः हलवला काय आणि तुम्ही हलवला काय, एकाच जागी अडतो. कंडरेच्या दुखण्यात आईंना स्वतःला उचलायला दुखतं किंवा जोर लागत नाही, पण त्यांनी हात ढिला सोडला आणि तुम्ही सावकाश नेलात तर तो बराच पुढे जातो.

सगळ्यात विश्वासू हालचाल बाहेर वळवण्याची. आईंना गादीवर उताणं झोपवा. बसून केलं तर कंबर वळते आणि आकडा खोटा येतो. दंड अंगालगत, कोपर आणि कमरेच्या मध्ये घडी घातलेला नॅपकिन, कोपर काटकोनात, बोटं छताकडे. आता मनगट धरून हात बाहेरच्या बाजूला गादीकडे हळूहळू झुकवा. सरळ छताकडे म्हणजे शून्य, गादीला टेकला तर ९०, मधोमध ४५. आधी डावा करा, मग उजवा. हात अडला की तिथेच थांबा, ढकलू नका. दोन्हींचे आकडे इथे लिहा आणि अडताना कसं वाटलं तेही.

दंड उचलून मोजलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका, कारण फरा आपल्याला फसवतो. हात पूर्ण वर जातो त्या १८० अंशांतले साधारण १२० या सांध्यातून येतात आणि ६० फरा फासळ्यांवरून सरकल्यामुळे. सांधा आखडला तरी फरा आपला वाटा देतच राहतो, वर खांदा कानाला लावून थोडा जास्तच देतो. घरच्यांना वाटतं, 'हात तर बऱ्यापैकी उचलते की!'

कोथिंबीरवडी

आत्ताच केलं. डावा साधारण ७०. उजवा १५, फार तर २०. तिथे भिंतीला लागल्यासारखा अडतो आणि आई 'बास' म्हणते. तिने स्वतः केलं तरी तेवढाच.

सुई_दोरा

हे चित्र फ्रोझन शोल्डरचंच आहे. दुसऱ्या बाजूच्या निम्म्यापेक्षाही कमी, स्वतः केलं आणि दुसऱ्याने केलं तरी सारखंच, सोबत नॉर्मल एक्स-रे. एक्स-रे मुद्दाम म्हटला. बाहेरचं वळण अडवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत, सांध्याची झीज आणि मागच्या बाजूला निसटून तिथेच अडकलेला गोळा. दुसरी गोष्ट फीट किंवा विजेच्या झटक्यानंतर होते आणि फक्त समोरून काढलेल्या एक्स-रेत सुटू शकते. बाजूने काढलेली फिल्म आहे ना, एवढं पाहून घ्या.

आता त्या एमआरआयच्या ओळीबद्दल. १९९५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ लोकांचे एमआरआय काढले होते. साठीच्या पुढच्यांमध्ये ५४ टक्के लोकांच्या कंडरेत फाट दिसली, काहींची अर्धवट, काहींची आरपार. म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी 'अर्धवट फाट' हे बऱ्याचदा केस पिकण्यासारखं असतं. रिपोर्टात ते लिहिलं जाणारच, पण दुखणं त्याचंच आहे असं त्यावरून ठरत नाही. त्याच फिल्म रेडिओलॉजिस्टला परत दाखवून विचारा की काखेकडचं आवरण जाड दिसतंय का, कोराकोह्युमरल अस्थिबंध जाड आहे का, आणि पुढच्या बाजूला सुप्रास्पायनेटस व सबस्कॅप्युलॅरिस यांच्यामधल्या जागेतली चरबी पुसली गेलीये का. हे विचारल्याशिवाय रिपोर्टात येतंच असं नाही.

आणि आखडलेल्या खांद्यात अर्धवट फाट घाईने शिवायला मी तरी सांगणार नाही. शिवल्यावर हात काही आठवडे पट्ट्यात ठेवावा लागतो. आधीच आखडलेल्या खांद्याला त्याहून वाईट काय असणार?

इंजेक्शन घ्यावं का? चौथ्या महिन्यात, रात्रीची झोप उडत असताना, माझं मत हो. सांध्यात साधारण ४० मिलिग्रॅम ट्रायॲमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, सोबत भुलीचं औषध. याचा उपयोग सूज आणि वेदना जोरात असताना जास्त होतो. वर्षभराने, नुसता ताठरपणा उरल्यावर घेतलं तर हाती फार लागत नाही. सुई सांध्याच्या आत गेली पाहिजे, अक्रोमियनखालच्या बर्सात (घर्षण कमी करणाऱ्या द्रवाच्या पिशवीत) नव्हे. बर्सातलं इंजेक्शन कंडरेच्या दुखण्यासाठी असतं. सोनोग्राफीखाली देणारे असतील तर उत्तम. त्यातच सलाइन भरून आवरण ताणण्याची पद्धतही आहे, हायड्रोडायलेटेशन म्हणतात, तीही विचारून ठेवा.

साखरपेरणी

वरच्या इंजेक्शनला माझा विरोध नाही, पण ८.४ वर 'घ्या' म्हणताना पुढचं वाक्यही सांगायला हवं. सांध्यात दिलेलं स्टिरॉइड रक्तात उतरतंच. शुगर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चढते आणि काही दिवस, कधी आठवडाभर चढी राहते. उपाशीपोटीची त्या मानाने बरी दिसते, जेवणानंतरची उसळते. त्यामुळे फक्त सकाळची तपासून 'काही झालं नाही' म्हणू नका. आठवडाभर रोज उपाशीपोटी आणि दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, अशी तीनदा ग्लुकोमीटरवर बघा आणि लिहून ठेवा. आई इन्सुलिनवर असतील तर डोस किती वाढवायचा हे मधुमेहाच्या डॉक्टरांना इंजेक्शनच्या आधीच विचारा. गोळ्यांवर असतील तरी तीनशेच्या वर आकडा आला तर कोणाला फोन करायचा ते ठरलेलं असू द्या. शुगर आधीच बेताल असेल तर दोन-तीन आठवडे ती आवरून मग इंजेक्शन घेतलं तरी खांद्याचं काही बिघडत नाही.

मधुमेहात हे इतकं का होतं, तर साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटून त्यांना एकमेकांत गुंतवते आणि आवरणाची लवचीकता जाते. सर्वसाधारण लोकांत फ्रोझन शोल्डरचं प्रमाण २ ते ५ टक्के सांगतात, मधुमेहींत ते त्याच्या कितीतरी पट असतं. एक गोष्ट करून बघा: आईंना नमस्कार करायला सांगा, कोपरं बाजूला उचलून, तळवे घट्ट जोडून. बोटांची पेरं एकमेकांना पूर्ण टेकतात, की मध्ये करंगळी जाईल एवढी फट राहते? फट राहत असेल तर हातांच्या सांध्यांतही तेच चाललंय. मग डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासून किती दिवस झाले तेही बघा, ही दुखणी बरेचदा जोडीने येतात. थायरॉइडही तपासून घ्या.

कोथिंबीरवडी

फट राहतेय. हे कधी लक्षातच आलं नव्हतं. डोळे दोन वर्षांपूर्वी तपासलेत, या आठवड्यात नंबर लावते. व्यायाम नक्की कोणते आणि किती? फिजिओकडे एकदा नेलं तर दोन दिवस जास्त दुखलं, आता ती जायलाच तयार नाही.

लोंबता_हात

त्यांनी चुकीचं केलं असं लगेच म्हणत नाही, पण दोन दिवस दुखलं म्हणजे डोस जास्त झाला. दुखण्याच्या टप्प्यात सांधा ताणून ताणून मोकळा करायला गेलं की आवरण आणखी चिडतं. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवरचा २००४ मधला एक अभ्यास आहे. त्यात दुखण्याच्या मर्यादेत राहून हलका व्यायाम करणारे लोक जोरात ताणून घेणाऱ्यांपेक्षा दोन वर्षांनी चांगल्या अवस्थेत होते. माझा नियम असा: करताना दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर नको, थांबल्यावर अर्ध्या तासात पूर्ववत व्हायला हवं आणि त्या रात्रीची झोप बिघडायला नको. यातलं एक जरी मोडलं तरी दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं. बंद करायचं नाही.

आधी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक, मध्ये टॉवेल ठेवून. मधुमेहात बधिरपणा असेल तर पिशवी आधी तुम्ही स्वतःच्या हाताला लावून बघा.

लंबक: डावा हात ओट्यावर टेकवून कमरेत पुढे वाकायचं, उजवा हात दोरीसारखा लोंबता सोडायचा आणि कंबर हलवायची. हात आपोआप झोके घेतो. नव्वद टक्के लोक इथे हातच फिरवतात, मग तो खांद्याच्या स्नायूंचा व्यायाम होतो आणि दुखतो. पुढे-मागे, आडवा, मग वीतभर गोल, एकेक मिनिट. हातात वजन नको.

टेबल पुसणं: टेबलासमोर खुर्चीत बसून, तळव्याखाली फडकं घेऊन हात पुढे सरकवत न्यायचा आणि अंगही त्याबरोबर वाकवायचं. पुढे पाच सेकंद थांबून परत. दहा वेळा. हात वर नेण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग, कारण हाताचं वजन टेबल उचलतं.

छत्री: तुमच्या आईंसाठी मुख्य हाच. उताणं झोपून, दंडाखाली घडीचा टॉवेल, कोपरं अंगाला आणि काटकोनात. लांब दांड्याची छत्री दोन्ही हातांत आडवी धरायची आणि डाव्या हाताने उजव्याला बाहेर ढकलायचं. कोपर कमरेपासून सुटलं तर ते वळण खोटं. अडेल तिथे दहा ते पंधरा सेकंद, श्वास न रोखता. पाच वेळा.

हे तीनही दिवसातून तीन वेळा, एका वेळी दहा मिनिटांच्या आत. एकदाच तासभर करण्यापेक्षा हे बरं. दर रविवारी छत्रीवाला आकडा वर सांगितल्याप्रमाणे मोजून कॅलेंडरवर लिहा. महिन्याला पाच-दहा अंश वाढले तरी गाडी रुळावर आहे.

टॉवेल पाठीमागून धरून वर खेचणं आत्ता नको. ब्लाउजचा हुक हा आईंचा मोठा प्रश्न आहे हे कळतं, पण ती हालचाल बहुतेक सगळ्यात शेवटी परत येते आणि आता जबरदस्ती केली तर रात्र जाते. तोवर पुढून हुकांचे ब्लाउज शिवून घ्या. घालताना आधी दुखरा हात बाहीत, काढताना तो शेवटी. दारावरची दोरी-पुलीही वेदना उतरल्यावर. भिंतीवर बोटं चढवताना खांदा कानाकडे जाऊ लागला की तिथेच थांबायचं, पुढचा सगळा चढ फऱ्याचा आहे.

झोपताना डाव्या कुशीवर, छातीशी उशी आणि उजवा हात तिच्यावर. उताणं झोपायचं असेल तर कोपराखाली घडी घातलेली चादर, म्हणजे दंड मागे पडत नाही. अर्धी रात्र याने सुटते.

दहीहंडी_नको

विषयांतर होतंय, पण माझ्या भाच्याचा खांदा दोनदा निखळलाय, वय १९. त्यालाही हेच व्यायाम चालतील का?

फरा_फासळी

नाही, त्याचा आजार बरोबर उलटा आहे. इथे आवरण आकसलंय, त्याचं सैल पडलंय. निखळणारे बहुतेक खांदे पुढच्या बाजूला निसटतात आणि जाताना लॅब्रमची पुढची कड उपटून नेतात. या वयात पुन्हा निखळण्याचा धोका बराच असतो, म्हणून त्याने खांद्याच्या सर्जनला दाखवावं. पुन्हा निखळला तर मित्रांनी ओढून बसवायचा नाही. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, शर्टाच्या बाहीवर बिल्ला लावतात त्या जागी, बधिर लागतंय का ते विचारायचं (तिथली नस ताणली जाते), हात झोळीत घ्यायचा आणि इस्पितळात न्यायचं. सविस्तर हवं असेल तर नवा धागा काढा.

कोथिंबीरवडी

दोन शंका राहिल्या. हे किती दिवस चालणार? आणि समजा व्यायामाने नाहीच सुटलं तर ऑपरेशन करावंच लागेल का?

सुई_दोरा

पुस्तकात तीन टप्पे देतात. दुखण्याचा २ ते ९ महिने, आखडलेला ४ ते १२ महिने आणि मग सुटण्याचा, जो सगळ्यात लांब. एकूण एक ते तीन वर्षं. मधुमेहात जास्त लागतात आणि शेवटी थोडा ताठरपणा राहू शकतो. तोच खांदा पुन्हा आखडणं विरळ, पण दुसरा आखडू शकतो. डाव्याचा ७० हा आकडाही लिहून ठेवा, दर तीन महिन्यांनी मोजा.

ऑपरेशनची घाई नाही. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२० मध्ये छापून आली. इंजेक्शनसह फिजिओ, भूल देऊन हात मोकळा करणं आणि दुर्बिणीतून आवरण कापणं, अशा तीन गटांत वर्षभराने रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक निघाला नाही. फिजिओच्या गटात पुढे आणखी उपचार लागणारे थोडे जास्त होते, तर दुर्बिणीच्या गटात गंभीर गुंतागुंती जास्त होत्या. सहा महिने नीट प्रयत्न करूनही आकडा तसाच राहिला आणि रोजची कामं अडली, तर दुर्बिणीचा विचार करा. तेव्हाही कापायचं असतं आवरण, शिवायची नसते कंडरा. हे दुसऱ्या डॉक्टरांना याच शब्दांत विचारा.

साखरपेरणी

एक जोड. वाट बघण्याच्या या काळात सगळं खांद्याच्या खात्यावर टाकू नका. जिना चढताना दोन्हींपैकी कुठल्याही खांद्यात किंवा दंडात कळ येऊन थांबल्यावर ती जात असेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. मधुमेहात छातीत न दुखताही तसं होतं. हात हलवून ते दुखणं वाढत नाही, ही खूण लक्षात ठेवा. दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्यांसह उतरत असेल तर मान तपासा. ताप आणि खांदा गरम, लाल, विशेषतः इंजेक्शननंतर, तर त्याच दिवशी दवाखाना.

कोथिंबीरवडी

सगळं आईला वाचून दाखवलं. पुढून हुकाचे दोन ब्लाउज टेलरकडे टाकलेत, मालिशवाल्याला काकूंकरवी निरोप गेला. लांब दांड्याची छत्री मात्र घरात एकही नाही, सगळ्या घडीच्या. झाडूची काठी चालेल ना?

लोंबता_हात

चालेल. खांद्यांच्या रुंदीपेक्षा वीत-दीड वीत लांब असली की झालं. टोकाला जुनं कापड गुंडाळा, उजव्या तळव्याला रुतत नाही.